टर्मिनेटर: दुसऱ्या भागानंतर जे झालं त्याबद्दल

पाचपाखाडीकर

लेक यंदा नववीत. वर्गातल्या कुणाकडून तरी ऐकून आली आणि विचारू लागली, 'टर्मिनेटर'चे सहा सिनेमे कुठल्या क्रमाने बघायचे. मी लगेच सांगितलं, फक्त दोन बघ. मग स्वतःच विचारात पडलो की मी इतक्या ठामपणे असं का म्हणतो. म्हणून हा धागा.

पहिला १९८४ चा, दुसरा १९९१ चा. दोन्ही जेम्स कॅमेरॉनचे. त्यानंतर २००३, २००९ ('सॅल्व्हेशन'), २०१५ ('जेनिसिस') आणि २०१९ ('डार्क फेट') असे चार आले, चौघांचे दिग्दर्शक वेगवेगळे. लोक या चारांना नावं ठेवतात ती बहुतेक वेळा स्पेशल इफेक्ट्सवरून किंवा अर्नॉल्डच्या वयावरून. माझी तक्रार त्याबद्दल नाही. दुसऱ्या भागात सारा, तिचा मुलगा जॉन, इंजिनिअर डायसन आणि त्यांच्या बाजूने आलेलं यंत्र (अर्नॉल्ड), चौघं मिळून यंत्रं माणसांचा संहार करतात ते भविष्य थांबवतात. त्यासाठी डायसन मरतो, यंत्र स्वतःहून वितळायला तयार होतं. आणि पुढचा प्रत्येक भाग सुरू होतानाच आपल्याला सांगतो की त्यातलं काहीही टिकलं नाही. कुठे हे एका संवादात उरकतात, कुठे पहिल्याच प्रसंगात. प्रेक्षक म्हणून मला हा विश्वासघात वाटतो आणि इतक्या वर्षांनंतरही त्याचा राग येतो.

तर मुलीला पुढचे दाखवू की नको? ज्यांना पुढचे आवडतात त्यांनी आवर्जून लिहा. कथानक फुटलं तरी हरकत नाही, सगळे जुने सिनेमे आहेत.

सानपाडा_लोकल

दोनच. तिला सांगा, बाकीचे पाठ्यक्रमाबाहेर आहेत.

चेंदणीकर

असहमत. तिसऱ्याला उगाच या रांगेत उभं करू नका.

मान्य, त्यात विनोद जागोजागी फसलेत. साराला तर ल्युकेमियाने मारून टाकलंय, पडद्याबाहेर, हे मलाही आवडलं नाही. पण शेवट आठवा. जॉन आणि त्याची साथीदार केट डोंगराच्या पोटातल्या त्या तळघरात शिरतात. त्यांना वाटतं इथे स्कायनेटचं, म्हणजे माणसांवर उलटणाऱ्या त्या संगणकी यंत्रणेचं, मुख्य यंत्र आहे, ते उडवलं की संपलं. आत बघतात तर जुनाट कंट्रोल पॅनल आणि धूळ. बंद करायला यंत्रच नाही, कारण स्कायनेट जगभरातल्या लाखो संगणकांत पसरलेलं सॉफ्टवेअर आहे. मग रेडिओवर एकेक ठिकाणाहून आवाज यायला लागतात, कुणी आहे का तिथे? आणि जॉन पहिल्यांदा उत्तर देतो. उन्हाळ्यात येणाऱ्या एवढ्या मोठ्या बजेटच्या सिनेमाने जग खरोखर बुडवून संपायचं धाडस दाखवलं. २००३ साली 'एकच खोली, एकच यंत्र' ही कल्पना मोडणं ही चांगली सुधारणा होती.

पाचपाखाडीकर

@चेंदणीकर, शेवटची पंधरा मिनिटं मलाही आवडतात. पण तिथवर पोहोचण्यासाठी 'तुम्ही फक्त लांबणीवर टाकलंत, न्यायाचा दिवस अटळ आहे' हे वाक्य अर्नॉल्डच्या तोंडी टाकावं लागलं. अटळच होतं तर दुसऱ्या भागात आपण अडीच तास जीव मुठीत धरून काय बघत होतो?

तर्कट

मग पहिल्या भागाचे चाहते दुसऱ्याबद्दल हीच तक्रार करतात, तीही ऐकून घ्या.

पहिल्या भागात काळाचं वर्तुळ पूर्ण बंद आहे. भविष्यातला सैनिक काइल भूतकाळात येतो, साराच्या प्रेमात पडतो म्हणून जॉन जन्मतो, जॉन जन्मतो म्हणून काइलला पाठवतो. शेवटी मेक्सिकोतल्या पेट्रोल पंपावर एक पोरगा साराचा फोटो काढतो, आणि तोच फोटो काइलने भविष्यात जपून ठेवलेला असतो. यंत्रांनी साराला मारायची केलेली धडपडच जॉनच्या जन्माला कारण ठरते. अत्यंत घट्ट विणलेली गोष्ट आहे, एक टाका ओढायला जागा नाही. दुसरा भाग म्हणतो, भविष्य बदलता येतं. बदललं तर काइल कोण, त्याला पाठवलं कुणी, जॉन आला कुठून? म्हणजे आधीच्या भागाचं शिस्तबद्ध तर्कशास्त्र पहिल्यांदा मोडलं ते कॅमेरॉननेच. पुढच्या लोकांनी तीच वाट धरली.

तर्काच्या दृष्टीने परिपूर्ण सिनेमा एकच आहे आणि तो साधारण चौसष्ट लाख डॉलरमध्ये झाला.

कोपरीची_मृण्मयी

तर्कट, तुमचा मुद्दा काटेकोर आहे, पण मला वर्तुळापेक्षा साराची गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिल्या भागातली सारा हॉटेलात वेट्रेस असते, ऑर्डर विसरते, गिऱ्हाइकांची बोलणी खाते. दुसऱ्यात ती मनोरुग्णालयात पलंग उभा करून पुल-अप्स काढते. आणि मधल्या काळात काय झालं हे न दाखवता लिंडा हॅमिल्टनच्या नुसत्या खांद्यांवरून आणि डोळ्यांवरून कळतं.

आता २०१९ च्या 'डार्क फेट'बद्दल. तेव्हा इंटरनेटवर 'बायका घुसवल्या म्हणून मालिका बुडाली' असं लिहिणाऱ्यांचा पूर आला होता, अजूनही अधूनमधून येतो. ही मालिका पहिल्या दिवसापासून एका बाईची आहे. हे ज्यांना दिसलं नाही त्यांनी १९८४ साली काय पाहिलं कोण जाणे. मॅकेन्झी डेव्हिसची ग्रेस मला फार आवडली. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. सिनेमा सुरू होऊन काही मिनिटं होत नाहीत तोच, १९९८ साली, ग्वाटेमालात, एक टर्मिनेटर चालत येतो आणि जॉनला गोळ्या घालतो. बस. ज्या पोरासाठी दोन सिनेमे झाले त्याला मरताना एक वाक्यसुद्धा मिळत नाही. ठाण्यातल्या मॉलमध्ये बघत होतो, माझा भाऊ तिथेच उठून पॉपकॉर्न आणायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

नौपाडा_नाइट_शो

आणि तोच टर्मिनेटर पुढे टेक्ससमध्ये पडदे विकतो! कार्ल नावाने! मी त्या प्रसंगाला मोठ्याने हसलो. गिऱ्हाइकाला कुठल्या खोलीत कुठला पडदा हे तो इतक्या गांभीर्याने सांगतो की मला त्याच्याकडून घ्यावेसे वाटले.

मीरा_घोडबंदर

मला मात्र जॉनचा मृत्यू पटला. मृण्मयीताई, रागावू नका. त्यामुळे साराला पुन्हा काहीतरी खरं करायला मिळालं. जग वाचवूनही पोर गमावलेली आई. लिंडा हॅमिल्टन परत आली आणि त्या सिनेमात जे काही जिवंत आहे ते तिच्यामुळे. फसलं ते पुढे. स्कायनेट नाही तर 'लीजन', जॉन नाही तर दानी, मारेकरी यंत्र टी-१००० नाही तर रेव्ह-९. नावं बदलून तोच पाठलाग. स्कायनेट थांबवलं तरी माणसं दुसरं काहीतरी तसलंच बनवणार, हा विचार भयंकर आहे, पण त्यावर सिनेमा दोन मिनिटंसुद्धा थांबत नाही.

अवांतर: संध्याकाळी सातला घोडबंदर रोडवर कुठल्याही मॉडेलने पाठलाग करून दाखवावा. मानपाड्याच्या पुढे जाणार नाही.

ऐरोलीचा_अभियंता

मीराताईंनी जिथे सोडलं तिथून मला पुढे लिहायचंय.

माझं काम मशीन लर्निंगचं. ऑफिसच्या खिडकीतून डेटा सेंटर दिसतं, ऐरोली-महापे पट्ट्यात ती आता चिक्कार झालीत. त्यामुळे स्कायनेटचे विनोद रोज ऐकतो. पण गेल्या वर्षी दुसरा भाग पुन्हा पाहिला तेव्हा अर्नॉल्डपेक्षा जास्त वेळ मी माइल्स डायसनकडे बघत होतो.

तो खलनायक नाही. रात्री घरी बसून काम करणारा, कामावर जीव असलेला इंजिनिअर आहे. सारा लांबून त्याच्या पाठीवर नेम धरते, लाल ठिपका दिसतो. तेवढ्यात मुलाची रिमोटची गाडी त्याच्या पायाला येऊन लागते, तो खाली वाकतो आणि गोळी वरून जाते. मग सारा घरात शिरते, पिस्तूल रोखते, बायको ओरडतेय, मुलगा बापाला झाकून उभा, आणि तिला चाप ओढवत नाही. यंत्रासारखी मारायला गेलेली बाई तिथे कोसळते. त्यानंतर डायसनला सांगितलं जातं की तुझ्या कामातून तीन अब्ज माणसं मरणार आहेत. तो आधी म्हणतो, जे अजून केलंच नाही त्याला मी जबाबदार कसा? पण त्याच रात्री उठून स्वतःची सगळी वर्षांची मेहनत जाळायला निघतो. आणि शेवटी गोळ्या लागून पडलेला असताना स्फोटाच्या बटणावर एक तुकडा हातात धरून बसतो, श्वास धापा टाकत टाकत तुटत जातो, पोलिसांना बाहेर पडायला वेळ मिळतो, मग हात सुटतो.

पुढच्या चार सिनेमांत असा डायसन नाही ('जेनिसिस'मध्ये त्या नावाचं पात्र आहे, पण हा नव्हे). म्हणजे ते यंत्र बनवणारा, त्याचा अभिमान असलेला आणि तरीही 'नको' म्हणू शकणारा माणूस नाही. तिसऱ्यात केटचे वडील वरून दबाव आला म्हणून स्कायनेट चालू करतात, ती घटना आहे, निर्णय नाही. बाकीच्यांत तर यंत्र जणू आभाळातून पडतं. आज ज्या काळात हा विषय रोज आमच्या टेबलावर असतो, त्या काळातच या मालिकेने तो सोडून द्यावा याचं मला फार वाईट वाटतं. तर्कट म्हणतात तसं वर्तुळ मोडलं असेल, पण ते मोडून कॅमेरॉनने माणसाच्या हातात निर्णय दिला. पुढच्यांनी तो हिसकावून घेतला आणि बदल्यात फक्त नवीन मॉडेलचे रोबो दिले.

सानपाडा_लोकल

हे वाचता वाचता माझं स्टेशन गेलं. तुर्भ्याला उतरून परत येतोय. +१००

भट्टीवाले_काका

मुलांनो, मी सिनेमावाला नाही. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका फाउंड्रीत उभं आयुष्य गेलं. पण तो शेवटचा प्रसंग आमच्या खात्यातला, म्हणून लिहितो.

वितळलेलं पोलाद साधारण १६०० अंशाचं असतं. सिनेमात दाखवलंय तसं नारिंगी नव्हे, पिवळसर पांढरं, निळ्या काचेच्या चष्म्याशिवाय बघवत नाही. इतक्या जवळ उघड्या अंगाने कुणी उभं राहू शकणार नाही. आणि माणूस त्यात पडला तर बुडणार नाही, पोलाद पाण्याच्या सातपट जड, तो वरच राहील. हा यंत्रमानव धातूचा, म्हणून त्याचं बुडणं सोडून देऊ. शूटिंग कॅलिफोर्नियातल्या फोंटाना इथल्या कायसर स्टीलच्या बंद पडलेल्या कारखान्यात केलंय. म्हणजे भट्टी थंड, सगळी आग दिव्यांची. बंद कारखाना कसा दिसतो ते मला माहीत आहे, त्यामुळे ही माहिती वाचल्यावर त्या लोकांचं कौतुकच वाटलं.

पण एक गोष्ट अगदी बरोबर आहे. यंत्राला स्वतःला संपवता येत नाही, म्हणून तो साखळीला धरून उभा राहतो आणि क्रेनची बटणाची पेटी साराच्या हातात देतो. तिला आम्ही पेंडंट म्हणतो. पेंडंट हातात असलेला माणूस कधी घाई करत नाही. वर लोंबतंय काय, खाली उभं कोण, सगळं बघतो, मग अंगठा दाबतो. ती बाई तशीच दाबते. पोरगा रडतोय, ती त्याच्याकडे बघत नाही, साखळीकडे बघते. मी तिथे दर वेळी गप्प होतो. ऐरोलीकरांनी निर्णय म्हटलं ना, तो त्या बटणात आहे.

कोपरीची_मृण्मयी

काका, साष्टांग नमस्कार. इतक्या वेळा पाहिला, साराचा अंगठा कधी पाहिला नव्हता.

तीन_कमी_सोळा

थोडं अवांतर, पण सहन करा. मी तबला शिकवतो, नेरुळला.

टर्मिनेटरची ती धातूवर घाव पडल्यासारखी थाप, ब्रॅड फीडेलचं संगीत, ती १३ मात्रांची आहे. ३-३-३-२-२ असे भाग पडतात. फीडेलने सिंथेसायझरवर हाताने लूप पकडला, तो नेमका जिथे सुटला तिथे ही १३ ची आवर्तनं तयार झाली आणि त्याने ती तशीच ठेवली. धातूचा आवाज त्याने लोखंडी तव्यावर माइक आपटून काढला होता. आपल्याला १६ ची सवय असते, कान चौथ्या भागात पूर्ण तीन मागतो, आणि तिथे पाय घसरल्यासारखी सम आधीच येते. म्हणून ती थाप ऐकताना मागून कुणीतरी येतंय असं वाटतं. विद्यार्थ्यांना विषम लयीचे ताल शिकवताना मी हेच वाजवून दाखवतो. झपतालापर्यंत सगळे खूश असतात, इथे हात अडकतात.

पुढच्या सिनेमांत ही धून आहे, पण कुठे सरळ ४ च्या लयीत बसवलेली, कुठे फक्त शेवटी नावांच्या वेळी. माझ्यापुरतं तिथेच काहीतरी निसटलं.

चेंदणीकर

@तीन_कमी_सोळा, आत्ता टेबलावर वाजवून बघितलं. चौथ्या आवर्तनात बायको येऊन विचारून गेली, काय झालं.

कागदपत्रे_दाखवा

सगळे दिग्दर्शकांना शिव्या देताय, पण हक्कांचा प्रवास बघितलात तर चित्र वेगळं दिसेल. पेशाने वकील आहे म्हणून यात रस.

पहिला भाग स्वतः दिग्दर्शित करायला मिळावा म्हणून कॅमेरॉनने आपले हक्क निर्माती गेल अ‍ॅन हर्ड यांना एका डॉलरला दिले. दुसऱ्या भागासाठी कॅरोल्को कंपनीने हक्क गोळा केले. कॅरोल्को १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. मग त्याच कंपनीच्या जुन्या मालकांनी, मारियो कसार आणि अँड्र्यू वाज्ना यांनी, ते मिळवून तिसरा काढला. २००७ मध्ये हॅल्सियन नावाच्या कंपनीने विकत घेतले, त्यांनी 'सॅल्व्हेशन' काढला आणि २००९ मध्ये तीही दिवाळखोरीत. मग लिलाव, मग एक गुंतवणूक फंड, मग मेगन एलिसन, तिथून 'जेनिसिस'. अमेरिकी कायद्यात मूळ लेखकाला ३५ वर्षांनी हक्क परत मागता येतात, १९८४ अधिक ३५ म्हणजे २०१९. त्याच वर्षी कॅमेरॉन निर्माता म्हणून 'डार्क फेट'सोबत परत आला हे लक्षात घ्या.

आता यातून काय होतं? प्रत्येक नवा मालक आपल्या पैशाची वसुली बघणार. म्हणून 'सॅल्व्हेशन', 'जेनिसिस', 'डार्क फेट' हे तिन्ही नव्या त्रयीचा पहिला भाग म्हणून जाहीर झाले आणि एकाचाही दुसरा भाग आला नाही. 'जेनिसिस' आणि 'डार्क फेट' यांनी तर आधीच्या मालकांची गोष्टच पुसली. पाचपाखाडीकर ज्याला विश्वासघात म्हणतायत तो बराचसा खरेदीखतांत आहे.

पाचपाखाडीकर

वकीलसाहेब, हे माहीत नव्हतं एवढ्या तपशिलात, आभार. तरी 'जेनिसिस'च्या ट्रेलरमध्येच जॉन कॉनर खलनायक झाल्याचं फोडलं होतं, त्याला कुठलं खरेदीखत जबाबदार?

सॅल्व्हेशन_समर्थक

इथे सगळे माझ्या बाबांच्या वयाचे दिसताय, तरी लिहितो. मी टीव्हीवर हिंदी डबिंगमध्ये पहिला पाहिला तो 'सॅल्व्हेशन'. आमच्या कळव्याच्या चाळीत सगळी पोरं एका घरात जमून बघायची. मला तो आजही आवडतो, कारण तो एकटाच असा आहे की ज्यात भूतकाळात कुणी येत नाही आणि पाठलागाचा साचा नाही. जळून गेलेलं जग, उन्हात. आणि अँटन येल्चिनचा तरुण काइल रीस बघा. पहिल्या भागात काइल झालेल्या मायकेल बीनची ती दबलेली, सतत मागे वळून बघणारी देहबोली त्याने कुठेही नक्कल न वाटता आणलीय. तो २०१६ मध्ये अपघातात गेला, वय अवघं २७. मला या भूमिकेसाठी तो कायम आठवतो. सिनेमाचा शेवट ढिसाळ आहे हे कबूल, पण सगळ्या चारांना एका दोरीत बांधू नका.

तर्कट

@सॅल्व्हेशन_समर्थक, येल्चिनबद्दल शंभर टक्के. आणि वयाने लहान असलात तरी मुद्दा बरोबर आहे, युद्धकाळ दाखवायची हिंमत फक्त त्यांनीच केली.

घणसोलीची_श्रावणी

सिनेमांच्या गडबडीत सगळे मालिका विसरलात. 'द सारा कॉनर क्रॉनिकल्स', २००८-०९, दोन सीझन, ३१ भाग. लीना हेडी सारा आणि समर ग्लाउ यंत्र. दुसऱ्या सिनेमानंतर पुढे काय, याचं सर्वांत मन लावून दिलेलं उत्तर त्यात आहे. सारा थकलेली आहे, घाबरलेली आहे, स्वयंपाकघरात बसून आजाराचा विचार करते. यंत्राला माणसासारखं वागायला शिकवणं म्हणजे नक्की काय, यावर अख्खे भाग खर्च केलेत. ऐरोलीकर, तुम्हाला जो निर्णय हवाय तो इथे दर आठवड्याला आहे. आणि ऐन वळणावर बंद केली. त्या शेवटच्या प्रसंगानंतर पुढचा भागच नाही ही जखम माझी अजून भरलेली नाही.

पाचपाखाडीकर, मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: दोन सिनेमे, मग ही मालिका. चारांपैकी काही दाखवायचंच असेल तर चेंदणीकरांचा तिसरा, शेवटासाठी.

मीरा_घोडबंदर

नववीतल्या मुलीला पहिला दाखवताना आधी स्वतः एकदा बघून घ्या हं. रक्तपात बराच आहे आणि एक प्रेमप्रसंगही. दुसराही सौम्य नाही, खेळाच्या मैदानाच्या जाळीला धरून सारा जळते ते स्वप्न माझ्या मुलाला बरेच दिवस झोपू देत नव्हतं. बंदी घालू नका, फक्त शेजारी बसा.

पाचपाखाडीकर

मीराताई, श्रावणी, ठरलं. दोन आणि मग मालिका. बाकीचे तिला हवे तर तिने तिच्या वेळेला बघावेत, मी मध्ये पडणार नाही. माझं मत मात्र ऐरोलीकरांमुळे आणखी पक्कं झालं.

एक शेवटचं विचारतो. दुसऱ्याची कुठली आवृत्ती? थिएटरवाली की लांबवाली?

ऐरोलीचा_अभियंता

लांब आवृत्ती, डोळे मिटून. पंधरा-सोळा मिनिटं जास्त आहेत आणि त्यात चिपचा प्रसंग आहे. यंत्राच्या डोक्यातून चिप काढतात, सारा हातोडा उचलते, जॉन तिला अडवतो. पोरगा आईला सांगतो की आपल्याला हा हवाय. आरशासमोरचा तो शॉट बघा. तिथे आरसा नाहीच, मोकळी चौकट आहे. पलीकडे खरे अर्नॉल्ड आणि लिंडा हॅमिल्टन, अलीकडे तिची जुळी बहीण लेस्ली आणि अर्नॉल्डचं बनावट डोकं. संगणक न वापरता केलेलं काम.

तर्कट

चिपचा प्रसंग मान्य, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला थिएटरवालीच. लांबवालीत स्वप्नात काइल येतो आणि वेग पडतो. १९९१ साली आलेला आणि पुढे चार ऑस्कर मिळवलेला कट तो आहे.

कोपरीची_मृण्मयी

तर्कट, स्वप्नातला काइल काढायचा? तो प्रसंग नसेल तर साराला त्याची आठवण येते हे कळणार कुठून? लांबवालीच. यावर मी मागे हटणार नाही.

भट्टीवाले_काका

कुठलीही दाखवा, पण मोठ्या आवाजात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.